कपाट अजून बँकेतच जातंय

*ताई, मी ६१ वर्षांची, नाशिकला असते. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. कपाटात ११२ साड्या आहेत: ४० सुती, ३१ सिल्क, बाकी सिंथेटिक आणि मानपानाच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडी नेसणं जवळपास बंदच. घरात काय, जुने गाऊन चालतात. परवा सून म्हणाली, "आई, हे सगळं एकदा काढू या का?" मी तिच्यावर खेकसले आणि रात्रभर रडले. आईची पैठणीही त्यातच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. काय करू?*

सप्रेम नमस्कार.

साड्या मोजून, वर त्यांची प्रकारवार विभागणी! बँक सुटली तरी टॅली लावायची सवय सुटलेली दिसत नाही. एक आकडा मात्र राहिला: यातल्या किती साड्यांचे ब्लाउज आज अंगात शिरतात? साडी काही अंगाला घट्ट होत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं 'अजून चांगली आहे' म्हणत बसून राहते. अडतं ब्लाउजपाशी. तेव्हा पहिल्या दिवशी साड्यांना हातच लावू नका. फक्त ब्लाउज काढा आणि एकेक घालून पाहा. शिवणीत कापड दाबलेलं असेल तो उसवून सैल होईल, तो ठेवा. बाकीच्यांचा मोह नको. ज्या साडीसाठी नवा ब्लाउज शिवायचे पैसे आणि शिंप्याकडच्या खेपा तुम्हाला जड वाटतील, ती साडी तुम्ही मनातून केव्हाच दिलेली आहे.

आता थोडं टोचेल असं लिहिते. रोज सकाळी बँकेत जाणाऱ्या बाईसाठी तुमच्याकडे तीन खण भरून कपडे आहेत. आणि आज त्या घरात जी राहते, भाजी आणते, फिरायला जाते, दुपारी बेल वाजली की दार उघडते, तिच्यासाठी विटलेले गाऊन! मला तर तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात जास्त लागली. एक आठवडा कॅलेंडरवर, दुधाचा खाडा मांडता तिथेच, रोज कुठे गेलात आणि काय घातलं ते लिहा. हाताशी येणारा मधला खण तेवढ्यासाठीच ठेवा. खालच्या खणाशी वाकायचं काम तुमच्या गुडघ्याचं राहिलेलं नाही.

सुती साड्यांचं मला फार वाईट वाटत नाही, कारण त्या कामाला येतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या चार-पाच निवडा. एका साडीत साडेपाच मीटर कापड असतं, दोन कुर्ते आरामात निघतात. काठ बाहीला लावून घ्या. अगदी विरलेल्या असतील त्यांची गोधडी शिवून घ्या.

मानपानाच्या साड्या दुकानातून निघाल्या तेव्हाच कुणाला आवडलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर मिनिटही घालवू नका. ओटीतल्या ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यावरही नको. (माझं एक जांभळं ब्लाउजपीस तीन घरं फिरून माझ्याच ओटीत परत आलं होतं. शाईच्या डागावरून ओळखलं.) बोहारीण अजून तुमच्याकडे येत असेल तर एखाद्या पातेल्यासाठी तिच्याशी मनसोक्त घासाघीस करा. कामाच्या बाईंना द्यायचं असेल तर आधी विचारा आणि त्यांना निवडू द्या. आपल्याला नको ते त्यांच्या गळ्यात मारून वर पुण्य मिळवायचं, हे मला पटत नाही.

पैठणी द्यायची नाही, पण प्लास्टिकमधून आजच काढा. आत दमटपणा कोंडतो आणि जर काळवंडते. जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेघेवर रेशीम चिरत जातं. कुठे विरली असेल तर येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे, जाणत्या विणकराला दाखवून मगच हात लावा.

राहिली सून. ती 'काढू या का' म्हणाली आणि तुम्हाला ऐकू आलं 'तुमचं आता काय काम'. तीन वर्षं स्वतःलाच हे विचारत असाल, तर दुसऱ्याच्या तोंडून तेच ऐकू येतं. ती तसं म्हणालेली नाही. तिच्याशी चर्चा वगैरे करत बसू नका. ३१ सिल्कमध्ये एखादी तरी कोरी साडी असणारच. ती तिच्या हातात द्या आणि म्हणा, "हिची घडी तू मोड." मग ब्लाउजचा ढीग दोघी मिळून उपसा.

तुमच्या स्वतःच्या दोन साड्यांचे ब्लाउजही त्याच खेपेला शिवायला टाका. गणपतीच्या तोंडावर शिंपी नवं काम घेत नाहीत.

तुमची,
ताई