हळुवार, दोन माणसांचा चित्रपट संगीतिका म्हणून रंगमंचावर आणताना क्लोज-अपची जागा कशाने भरायची?

मोठ्या वाद्यवृंदाने तर नक्कीच नाही. बरीच रूपांतरं तिथेच फसतात. डब्लिनमध्ये घडणारा ‘वन्स’ (2007) घ्या. रस्त्यावर गिटार वाजवणारा एक जण, एक चेक मुलगी आणि अर्धवट राहिलेलं प्रेम, एवढंच कथानक. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरात त्याची संगीतिका आली, 2012 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर गेली आणि 8 टोनी (अमेरिकी रंगभूमीचे मानाचे पुरस्कार) घेऊन बसली.

तिथे रंगमंचासमोर वादकांनी बसायचा खड्डा, म्हणजे पिटच नाही. गिटार, फिडल (व्हायोलिन), चेलो नटच वाजवतात. ज्याचा प्रवेश नाही तो कडेच्या खुर्चीवर बसून ऐकतो, आणि त्या ऐकणाऱ्यांची नजर जिकडे, तिकडे प्रेक्षकाची जाते. हाच क्लोज-अप! नेपथ्य एकच, आरसे लावलेला पब; प्रयोगाआधी प्रेक्षक त्याच बारवर जाऊन पेय घेत. स्थळ बदलायला टेबल-खुर्च्या सरकवल्या की झालं.

चित्रपटात ती मुलगी चेक भाषेत प्रेमाची कबुली देते, भाषांतराशिवाय. रंगमंचावर त्या शब्दांचा अर्थ वर अक्षरांत उमटतो: प्रेक्षकाला कळतं, समोरच्या गिटारवाल्याला नाही.

गाण्यात पहिलं कडवं दोघांपुरतंच ठेवा, मग एकेक वाद्य आत घ्या. सगळी एकदम घुसली की गाणं समूहगीत होतं आणि पुढचा शांत संवाद पडतो. खरी डोकेदुखी पात्रनिवडीची. बदली नटालाही अभिनय, गाणं आणि नेमकं तेच वाद्य यायला हवं, त्यामुळे तालमीचे दिवस जास्तच धरा.