मास्तरांना विचारा : महालाचा पडदा फ्लेक्सवर छापावा का?

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त चित्रकला शिक्षकाची उत्तरं. यंदा मंडईच्या (दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या) आगेमागे आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मास्तर, रामराम. आमच्या गावच्या नाट्यमंडळाकडे हाताने रंगवलेले तीन पडदे आहेत : महाल, जंगल अन् रस्ता. आजोबांच्या काळातले. महालाचा रंग घडीवर झडून राहिला. पोट्टे म्हणतात, फोटो काढून फ्लेक्सवर मारून आणू, हुबेहूब येते. म्हातारे म्हणतात, मग तो आपला पडदा नाही राहिला. एक जण म्हणतो, जुन्यावरच वॉर्निश मारा, पक्का होईल. काय करावं?
— मंडळाचे सचिव, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : सचिव महाशय, आधी त्या वॉर्निशवाल्याला चहा पाजून घरी पाठवा. तुमचा पडदा मांजरपाटाचा. त्यावर खडूच्या भुकटीचं अस्तर आणि वर सरसात कालवलेले पावडर रंग. हा रंग वाळला की कोरडा, बिनचमकीचा राहतो, म्हणून तर गॅसबत्तीच्या उजेडात महाल आत खोलवर गेल्यासारखा दिसायचा. वॉर्निश पडलं की कापड ते पिऊन घेईल, रंग काळपटेल, दिव्याखाली चकाकेल, काही वर्षांनी पिवळं पडेल. आणि मग ते निघायचं नाही.

अजिंठ्याला हे होऊन गेलं आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथं राहून भिंतीवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ तेच काम पुन्हा करत राहिले. त्यातल्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत जळाल्या. या खटाटोपात चित्र उठून दिसावं म्हणून भिंतींना वॉर्निश लागलं. पुढं निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही, १९२० नंतर, वरून लाखेचा थर दिला. ते सगळं पिवळं पडून चित्रं झाकोळली. म्हणजे नकलेपायी मूळ काळवंडलं आणि नकला जळून गेल्या. तरीही ज्या थोड्या नकला वाचल्या, त्यांत भिंतीवरून कायमचे गळून गेलेले काही तुकडे आजही बघायला मिळतात. नकलेला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

आता तुमचे म्हातारे. ते अर्धं खरं बोलतात. तुमचा महाल पहिल्यापासून नक्कलच होता. कमानी, संगमरवरी खांब, झुंबर, लांबवर जाणारी फरशी, असा महाल आपल्या झाडीपट्टीत कोणी पाहिला? मुंबई-पुण्याच्या नाटक कंपन्यांच्या पडद्यांवरून तो इकडं आला, आणि त्यांनी विलायती थिएटरांचे पडदे पाहून घेतला. पण येताना प्रत्येक हाताने त्यात काही घातलं. मी रंगवलेल्या जंगलात मोह आहे, पळस आहे, कारण देवदार मी कधी पाहिला नव्हता आणि पाहिल्याशिवाय झाड काढायचं जिवावर येतं. एका मंडळाच्या महालाच्या खिडकीतून वैनगंगा दिसते, डोंग्यासकट (लहान होडीसकट). राजाला डोंगा कशाला लागतो, असं प्रेक्षकांत कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

फ्लेक्सबद्दल माझी तक्रार तो हुबेहूब येतो हीच आहे. झडलेला खांब आजवर दर हंगामाआधी कोणी तरी भरून काढायचा, भरताना त्याच्या हातचा निळा थोडा वेगळा पडायचा, आणि असा तो पडदा तीन पिढ्या चालला. फ्लेक्सवर महाल आजच्या झडक्या अवस्थेत गोठून राहील, डागासकट. त्यावर कोणी ब्रश चालवणार नाही. फाटला की मळणीच्या वेळी खाली अंथरायला जाईल. शिवाय फ्लेक्स दिव्याखाली चकाकतो, तो वॉर्निशचाच दोष पुन्हा विकत घेतल्यासारखा.

वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांचं गणित निराळं. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, रात्रभर प्रयोग, सकाळी सामान गाडीत. त्यांनी फ्लेक्स वापरला तर मी नाक मुरडणार नाही. तुमचं मंडळ मंडईला, फार तर शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), वर्षाकाठी एखाददुसरा प्रयोग करतं. तुम्हाला घाई कसली?

तर असं करा. शाळेच्या हॉलमध्ये पडदा सपाट पसरा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, तुकड्या-तुकड्याने फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग जाड पाइपवर गुंडाळा, रंगाची बाजू बाहेर, मधे धुतलेलं सुती कापड. घडी पुन्हा घालू नका, रंग घडीवरच फुटतो. आणि त्या फोटोंवरून मांजरपाटावर नवा महाल रंगवून घ्या. रंगवणारा गावातलाच असला तर उत्तम, कच्चा असला तरी चालेल. खाली कोपऱ्यात त्याचं नाव, साल आणि ‘जुन्या पडद्यावरून’ एवढं लिहा. विंगांना आणि मागच्या बाजूला फ्लेक्स लावायला माझी हरकत नाही.

प्रश्न : मास्तर, माह्या सासूबाईच्या देवघरात लक्ष्मीची मोठी तसबीर हाये. खाली बारीक इंग्रजीत रवि वर्मा प्रेस असं छापलं हाये. एक जण येऊन गेला, चांगले पैसे देतो म्हणे. पोरगा म्हणते, आई, छापील कागद हाये, त्यात काय अस्सल? मंग ते अस्सल हाये का नक्कल, मले सांगा.
— एक गृहिणी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पोरगा म्हणतो ते बरोबर आहे, तसबीर छापील आहे. पण त्यावरून त्याने काढलेला अर्थ चुकीचा.

राजा रविवर्म्यांनी (१८४८–१९०६) लक्ष्मी, सरस्वती ही तैलचित्रं बडोद्याच्या गायकवाडांसाठी केली. ती राजवाड्यात. तुमच्या सासूबाईंच्या सासूबाई काही बडोद्याला जाणार नव्हत्या. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि नंतर त्यांच्याकडच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, विकला. तिथून निघालेल्या लक्ष्म्या गावोगावच्या देवघरांत गेल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवरच थांबवलं जायचं, त्यांच्याही घरी गेल्या. बडोद्याचं मूळ चित्र लोकांनी पाहिलंही नाही, हळदकुंकू वाहिलं ते या कागदाला. आज कोणत्याही दुकानाच्या कॅलेंडरवर कमळात उभी, चार हातांची, पदर सावरलेली लक्ष्मी दिसते, तिचं रूप या छापील प्रतींनीच लोकांच्या डोळ्यांत बसवलं. माझ्या लेखी ओलिओग्राफ (तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत दगडी छाप) म्हणून तुमची तसबीर अस्सल असू शकते. ती त्या काळची आहे की नंतर कोणी तिच्यावरून छापली आहे, एवढंच बघायचं.

ते घरच्या घरी बघता येतं. पोराकडून भिंग मागून घ्या. जुन्या छपाईत दर रंगाला वेगळा चुनखडीचा दगड असे. कारागीर मूळ चित्र पाहून प्रत्येक दगडावर त्या त्या रंगापुरतं चित्र हाताने उतरवायचे, आणि एकच कागद पुन्हा पुन्हा दाबाखालून जायचा. त्यामुळे भिंगाखाली गालावर बारीक, वेडेवाकडे, हाताने टिंबलेले ठिपके दिसतील. कुठं ओठाचा लाल रंग ओठाच्या किंचित बाहेर सरकलेला दिसेल, तो कागद घसरल्याचा पुरावा. आणि ठिपके अगदी शिस्तीत, सारख्या अंतरावर, चार रंगांचे असतील तर ती अलीकडची ऑफसेटची प्रत. खालच्या नावावर भरवसा ठेवू नका, नावही छापता येतं.

आणखी एक बघा. पदराला जरतार किंवा टिकल्या चिकटवल्या आहेत का? पूर्वी घरोघरी बायका दुपारच्या वेळी तसबिरीतल्या देवीला असं नटवत. तसं असेल तर हजारो प्रतींतली ही एक दुसऱ्या कोणत्याच प्रतीसारखी उरलेली नाही. ज्या बाईने त्या टिकल्या लावल्या तिचं नाव सासूबाईंना विचारून मागच्या पुठ्ठ्यावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुठ्ठ्याला चिकटपट्टी, डिंक काही लावू नका.

विकायची का, हे सासूबाई ठरवतील. घेणारा परदेशाची भाषा करत असेल तर दार लावून घ्या. शंभर वर्षांवरच्या कलावस्तू परदेशी न्यायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे. तुकडोजी महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं फोटोवर चौकटी आखून काढतो, लोक विकत घेतात. मित्र म्हणतात ही कॉपी आहे, यात कला नाही. सोडून देऊ काय?
— विद्यार्थी, ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : सोडू नको. चौकटी आखून मोठमोठ्या चितारींनी भिंती भरल्या. पण तुझे गाडगेबाबा आणि बाजारातले गाडगेबाबा एकच दिसत असतील तर मित्रांचं थोडं ऐक. घरातल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या खुंटीला टांग आणि फोटो उलटा ठेवून नुसत्या चिंध्या काढ, आठवडाभर. मग चौकटीकडे परत ये, गोधडीतल्या ठिगळांच्या कडा तुला फोटोत नव्याने दिसतील. चित्रामागे ‘फोटोवरून’ लिहून सही कर. गिऱ्हाईक त्याने पळत नाही.

प्रश्न : मास्तर, माझी आजी भुलाबाईची गाणी म्हणते त्यांचे शब्द यूट्यूबवरच्या गाण्यांपेक्षा वेगळे आहेत. मैत्रिणी म्हणतात, आजी विसरली, यूट्यूबवरचं खरं. खरं गाणं कोणतं?
— कॉलेजातली मुलगी, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : बेटा, तुझ्याच तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथं म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसा-माणसाकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिलं, तेराव्या शतकात. मराठी गद्याचं ते पहिलं मोठं पुस्तक. म्हाइंभटाची मूळ पोथी पुढं खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, आणि ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. सगळ्यांना एकसारखं थोडंच आठवणार? पण त्या लोकांनी कोणाची आठवण दाबून टाकली नाही. याला असं आठवतं, हिराइसा या महानुभाव बाईच्या पाठात तसं आहे, हे जपून ठेवलं. मूळ हरवलेलं पुस्तक आज आपण भाषेचा पाया म्हणून शिकवतो, ते या वेगवेगळ्या पाठांच्या जोरावर.

तेव्हा आजी विसरली असं कोणी म्हटलं तर विचार, कशावरून? यूट्यूबवर गाणारी बाईही कोणाची तरी नात असेल, तिला तिच्या आजीचं आलं. कॅमेरा तिच्या घरी पोचला, तुझ्या घरी पोचला नाही, एवढाच फरक. आता अडचण अशी की सगळ्या पोरी तिचंच पाठ करतात, आणि सासरच्या गावाचं नाव, नणंदेचा दागिना, माहेराहून आलेल्या वस्तू, हे जे गावागणिक बदलायचं ते सगळीकडे एकच व्हायला लागलं.

यंदा भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसले की आजीला ‘गाणं सांग’ म्हणू नको, ती शब्द आठवत बसेल आणि अडखळेल. चार जणी जमवा, टिपऱ्या घ्या, खिरापत झाकून ठेवा आणि तिलाच सुरुवात करू द्या. ठेका धरला की कडवी आपोआप येतात. मोबाइल तिला सांगून आधीच चालू ठेव. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली पुन्हा एकदा म्हणायला लाव, शब्द बदलले तर दोन्ही लिही. वहीत दर गाण्याखाली आजीचं माहेर कोणतं तेही टाक. यूट्यूबवरचंही लिहून घे, कोणत्या चॅनेलचं ते लिहून.