प्रकाशावर चालणारा एआय: पेपर वाचताना काय बघायचं

'प्रकाशाच्या वेगाने चालणारा एआय' असले मथळे वाचून हुरळून जाऊ नकोस. सुरुवात कर ती एमआयटीच्या २०१७ च्या पेपरपासून, 'नेचर फोटॉनिक्स'मधला. सिलिकॉन चिपवर ५६ इंटरफेरोमीटर (किरण दुभागून पुन्हा एकत्र आणणारे भाग), आणि काम काय, तर बोललेले चार स्वर ओळखायचे. चिपला १८० पैकी १३८ जमले, नेहमीच्या संगणकाला १६५. आकडे झाकले नाहीत, म्हणून मला तो पेपर आवडतो.

वाचताना एकच विचार: यातलं नेमकं कुठलं काम प्रकाशाने केलं? एआयमधलं मुख्य काम म्हणजे मॅट्रिक्सचा, आकड्यांच्या तक्त्यांचा, गुणाकार; तो प्रकाशाला सहज जमतो. किरणाचे दोन भाग करायचे, एकाची फेज (लहरीचा टप्पा) जराशी सरकवायची, पुन्हा एकत्र आणायचे. घोडं अडतं गुणाकारानंतरच्या नॉनलिनिअर पायरीवर, जिथे उत्तर सरळ प्रमाणात बदलत नाही. २०१७ मध्ये ती संगणकावरच उरकली होती. २०२४ मध्ये एमआयटीच्याच संशोधकांनी ती चिपवर आणली आणि उत्तर अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत मिळालं. तिथेही थोडा प्रकाश फोटोडायोडकडे (प्रकाशाची वीज करणाऱ्या भागाकडे) वळवून विजेची मदत घेतलीच आहे बरं का!

मग ऊर्जेचा हिशोब तपास. लेसर, फेज सरकवणारे हीटर, डिजिटल-ॲनालॉग रूपांतर, सगळं धरलंय का? 'फक्त चिपपुरता' आकडा दिसला की पेपरची पुरवणी माहिती उघडायचीच. हीटर प्रकाशाच्या शेजारच्या वाटाही तापवतो, ते वेगळंच.

या विषयात शिरायचं तर गणितात आधी एसव्हीडी (एका मॅट्रिक्सची तीन सोप्या मॅट्रिक्समध्ये फोड) पक्कं कर, २०१७ ची रचना त्यावरच उभी आहे. रोबोटिक्सकडे ओढा असेल तर प्रकाशाचाच दुसरा उपयोग, एफएमसीडब्ल्यू लिडार (सतत वारंवारता बदलणाऱ्या लेसरने मोजमाप करणारा सेन्सर) बघ. अंतर आणि वेग एकदमच मोजतो.