गिरमिट आणि गिरमिटिया

प्रश्न असा आला आहे: ‘मी जुनी सुतारी हत्यारं जमवतो. मुंबईच्या चोर बाजारात दीड हात लांब, आडव्या लाकडी मुठीचं गिरमिट मिळालं. गोदीतलं आहे म्हणे. टोकाचं मळसूत्र झिजून गेलंय. गिरमिटिया मजुरांशी या शब्दाचं नातं आहे का?’

नातं नाही. उच्चार एक, पण कुळं दोन. हत्याराचं गिरमिट आलं इंग्रजी ‘गिम्लेट’वरून. ‘ल’चा ‘र’ झाला आणि तो ‘म’च्या अलीकडे सरकला. नुकसानचं नुस्कान होतं, तसाच हा वर्णविपर्यय. मजुरांचं गिरमिट म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’. त्यातला पहिला स्वर गळला, ‘ग्री’ फुटून ‘गिर’ झालं. हा करार करून १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्यांत पुढे आपली कोकणातली माणसंही होती, म्हणून दोन्ही शब्द मराठी कानांना ओळखीचे.

आपल्या सुताराकडे भोक पाडायला सामता होताच. तो दोरीच्या कमानीनं मागे-पुढे फिरतो. गिरमिट मुठीला धरून एकाच दिशेनं पिळत न्यायचं. चाल वेगळी, म्हणून नावही वेगळं राहिलं असावं, असं मला वाटतं. गंमत म्हणजे इंग्रजीत गिम्लेट हे एका हातात मावणारं छोटं हत्यार. तुमच्याकडे आहे त्याला ते ‘ऑगर’ म्हणतात. मराठीनं धाकट्याचं नाव थोरल्यालाही दिलं.

आता त्या टोकाबद्दल. ते झिजलंय असं इतक्यात ठरवू नका! जहाजाच्या कामाची बरीच गिरमिटं मुळातच मळसूत्राशिवाय घडवलेली असत. मळसूत्र लाकडाच्या रेषेमागे ओढलं जातं आणि खोल भोक तिरकं जातं. जाड फळ्या आणि त्यांमागचे वासे लाकडी खुंट्यांनी किंवा लांब बोल्टांनी जोडायचे, तर भोक आरपार सरळच हवं. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही उभं आहे. असली भोकं पाडणाऱ्या हातांची कल्पना त्यावरून येते.

लोखंडी दांड्यावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण दिसते का, तेवढं पाहा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. आणि टोक कानशीनं घासून नवं मळसूत्र मात्र काढू नका.