टोकियोहून एका दिवसात जाऊन येता येईल असं जपानमधलं छोट्या गावातलं रेल्वे स्टेशन कोणतं?

डोळे झाकून सांगते: तोकावा. चिबा प्रांतात चोशी हे मासेमारीचं गाव आहे, त्याच्या अगदी टोकाला.

टोकियो स्टेशनवरून 'शिओसाई' एक्सप्रेस पकडा, दोन तासांच्या आत चोशी येतं. तिथे बाहेर पडू नका. त्याच फलाटाच्या शेवटापर्यंत चालत जा. चोशी देनतेत्सू या छोट्या रेल्वे कंपनीची छोटीशी गाडी उभी असते. तिकीट गाडीतच कंडक्टर देतो. मार्ग 1923चा, एकेरी, जेमतेम 6.4 किलोमीटर, स्टेशनं दहा.

नाकानोचोला सोया सॉसचा कारखाना रुळांना लागूनच आहे. मी गेले तेव्हा दार उघडताच आंबूस-खारट वास डब्यात शिरला. पुढे कासागामी-कुरोहाएला आमची गाडी समोरच्या गाडीसाठी थांबली आणि स्टेशनवरच्या माणसाने मोटरमनशी हातोहात टोकन, म्हणजे एकेरी रुळावर पुढे जाण्याचा परवाना, बदललं. ते बघायला मी सीटवरून उठून पुढच्या काचेपाशी गेले होते. या स्टेशनाच्या नावाचीही गंमत आहे. कंपनीने स्टेशनांना टोपणनाव देण्याचे हक्क पैसे घेऊन विकले, तेव्हा याचं नाव झालं 'कामिनोके-कुरोहाए', म्हणजे साधारण 'काळे केस उगवणारं'!

पैशांची इतकी नड का, तेही सांगते. 2006 साली गाड्यांच्या दुरुस्तीलाही पैसे उरले नव्हते. कंपनी आधीपासून नुरे-सेनबेई बनवून विकत होती: तांदळाची भाजलेली चकती गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवायची. कुरकुरीत नसते, सादळलेल्या पापडासारखी मऊ, चिवट लागते, आणि तशीच छान लागते. त्या नोव्हेंबरात कंपनीने आपल्या संकेतस्थळावर सरळ लिहिलं: आमची सेनबेई घ्या, गाडीच्या दुरुस्तीचे पैसे उभे करायचे आहेत. देशभरातून इतक्या ऑर्डरी आल्या की बनवून पुऱ्या पडेनात. गाडी वाचली. आजही कंपनीला तिकिटांपेक्षा जास्त पैसा खाऊतूनच मिळतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, नुसते फोटो काढून येऊ नका. तिकीट काढा, इनुबो स्टेशनवरच्या दुकानातून दोन पाकिटं घ्या. शक्य असेल तर तिथेच उतरून 1874चं दीपगृहही बघा. 99 पायऱ्या आहेत.

आणि मग तोकावा. जुनी लाकडी इमारत, पलीकडे रुळावर कायमचा विसावलेला एक जुना डबा. बाहेर आलं की गल्ली थेट उताराला लागते आणि घरांच्या फटीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. सतराव्या शतकात किशूहून, म्हणजे आजच्या वाकायामाकडून, आलेल्या माणसांनी हे बंदर वसवलं. मी खाली धक्क्यापर्यंत जाऊन आले, तरी परतीच्या गाडीला वेळ होता. गाडी साधारण तासाला एक. लाकडी बाकावर बसून पाकीट फोडलं. बोटांना सोया सॉस लागला होता, तो चोशीला परत येईपर्यंत तसाच राहिला.