कासव डोळेच उघडत नाही

प्रश्न : आठवड्यापूर्वी लाल कानाचे, चार सेंटीमीटरचे कासव आणले. काचेच्या वाडग्यात ठेवून सुकी सुंगटे (कोळंबी) घालतो. आता खात नाही, डोळे सुजलेत. काय चुकले?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वाडगाही चुकला, सुंगटेही. नुसत्या सुक्या सुंगटांतून अ-जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही आणि डोळे सुजतात. घाण पाण्यानेही तेच होते. आधी पशुवैद्याला दाखवा. जीवनसत्त्वाचे थेंब मनाने देऊ नका, जास्त झाले तर कातडी सोलवटते.

मग किमान साठ लिटरची टाकी, फिल्टर, पाणी २५ ते २८ अंश. पूर्ण कोरडे होता येईल असा दगड हवाच. त्यावर दिव्याने ३२ अंश ऊब आणि यूव्हीबी (उन्हातल्यासारखी अतिनील किरणे देणारी) नळी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, काच ती किरणे अडवते. आपल्या पावसाळ्यात तर ऊनच नसते. तेव्हाच कवच मऊ पडते.

रोज कासवाच्या डोक्याएवढेच कासवखाद्याचे दाणे, सोबत तांबडी भाजी. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो.

मादी फूटभर वाढते. कंटाळलात तरी तळ्यात सोडू नका, ते परदेशी आहे. (तारा कासव मात्र आणूच नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा.)