पाइप ऑर्गन बनवायचाय? आधी हवा समजून घे

हे बघ भावा, पाइप ऑर्गन म्हणजे पट्ट्या दाबून पाइपांत हवा सोडून वाजवायचं वाद्य, आणि तू ते बनवायला डायरेक्ट विजेच्या सर्किटपासून सुरू करायलायस, ते जरा थांबव. पाइपला लागते ती हवा एकदम हलकी, साधारण ७५ मिलिमीटर पाण्याएवढं प्रेशर, त्यामुळं अक्कलकोट रोडच्या गॅरेजातल्या कॉम्प्रेसरची ५-६ बारची हवा डोक्यातून काढूनच टाक. पारदर्शक नळी यू आकारात वाकव, रंगीत पाणी भर, एक टोक पाइपांखालच्या हवेच्या पेटीला जोड आणि दोन्हीकडच्या पाण्यातला फरक मोज, बस्स, झाला तुझा प्रेशर मोजायचा गेज.

आता वीज. पाइपात हवा सोडणारी झडप वीज स्वतः ओढत नाही, मला तर हेच लय भारी वाटतं, पट्टी दाबली की १२-१५ व्होल्टवरचा छोटा मॅग्नेट एक इवलंसं भोक उघडतो, पेटीतल्या चामड्याच्या बारक्या भात्यातली हवा तिथून निघून जाते, मग पेटीतलं प्रेशर भात्याला चेपतं आणि तो झडप ओढतो. सगळं बळ हवेचं, वीज नुसता इशारा देते.

प्रत्येक मॅग्नेटच्या कॉइलला उलटा डायोड, म्हणजे एकाच दिशेनं करंट जाऊ देणारा पार्ट, लाव, मी लावला नव्हता तर ठिणग्यांनी पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट काळे पडले. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, फटीतून हवा फुसफुसते, म्हणून आवाज बसला की सोल्डरिंग नंतर, आधी सांध्यांवरून ओला हात फिरव.